गाडी येते तेव्हा कॅमेरा आंधळा असतो

आगगाडीचा फोटो काढायला आज मोबाईल पुरतो. माझ्याकडेही आहे, आणि गाडीला किती उशीर आहे ते बघायला तो उपयोगीही पडतो. फोटो मात्र मी गेली बारा वर्षं एका सागवानी पेटीने काढतो. पनवेलच्या बाजारपेठेतला एक जुना स्टुडिओ बंद झाला, तेव्हा त्याच्या माळ्यावर ती सापडली. पितळी कड्या, काळा भाता, मागे धुरकट काच आणि पितळी पट्टीवर नाव : वागीश्वरी. केरळातल्या आलप्पुळा गावात हे कॅमेरे हाताने बनायचे आणि देशभरातल्या स्टुडिओंत जायचे. त्या मुलखाकडे जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस रोज पनवेलला थांबते, ही गोष्ट मला उगाचच आवडते.

पेटी मोठ्या काचेच्या प्लेटची होती. तशा प्लेटा आता कुठून आणणार? नव्या पनवेलच्या एका सुताराकडून मागची चौकट बदलून घेतली आणि चार बाय पाच इंचाची कट फिल्म बसेल असं केलं. सुताराने दोनदा विचारलं, "साहेब, देव्हारा आहे का?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. पैसेही कमी घेतले.

पुढे जे शिकलो ते असं.

१. टोपी उचलून गाडी सापडत नाही

जुन्या स्टुडिओतल्या भिंगाला शटर नसायचं. फोटोग्राफर टोपी काढायचा, एक-दोन-तीन म्हणायचा, टोपी परत लावायचा. नवं जोडपं तेवढा वेळ श्वास धरून बसायचं. मांडवी एक्स्प्रेस बसत नाही. माझ्या पहिल्या निगेटिव्हमध्ये रूळ आहेत, विजेचे खांब आहेत, पलीकडची चिंच आहे आणि मधून कुणीतरी ओलं फडकं फिरवल्यासारखा पट्टा आहे. बायकोने उजेडासमोर धरून पाहिलं आणि विचारलं, "गाडी गेल्यावर काढलास का?" त्यानंतर शटर असलेलं १५० मिलिमीटरचं भिंग जुन्या बाजारातून घेतलं. त्यावर १/५०० लिहिलंय. मोजून पाहिलं तर ते जेमतेम १/३०० देतं. म्हातारी शटरं मंदावतात, त्यात त्यांचा दोष नाही. फक्त आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

२. गणित फलाटावर करायचं नाही, घरी करून निघायचं

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १६.७ मीटर कापते, म्हणजे १/१२५ सेकंदात तेरा सेंटीमीटर. चाळीस मीटरवरून १५० च्या भिंगाने ती फिल्मवर सुमारे २६७ पट लहान उतरते. ते तेरा सेंटीमीटर फिल्मवर अर्धा मिलिमीटर होतात. ऐकायला नगण्य वाटतं. पण निगेटिव्ह चौपट मोठं केलं, की इंजिनाच्या नाकावर दोन मिलिमीटरची पुसट कड येते आणि एवढा खटाटोप कशासाठी केला असं वाटतं.

यावर दोन उपाय. एक, शटर जास्तीत जास्त जलद. दुसरा फुकटचा : गाडीच्या बाजूला काटकोनात उभं न राहता ती तिरकी समोरून येईल अशी जागा धरायची. रुळाशी पंधरा अंशांचा कोन झाला तर तीच हालचाल फिल्मवर जवळपास चौथाईवर येते. आगगाडीचे जुने फोटो बहुतेक तिरकेच का असतात, याचं एक कारण हे गणित आहे.

नवशिक्याला माझा सल्ला वेगळाच आहे. त्याने मुंबई-गोवा गाड्यांच्या मागे लागूच नये. पनवेलहून कर्जत, कर्जतहून नेरळ, आणि तिथे माथेरानची गाडी. दोन फुटी रूळ, १९०७ साली सुरू झालेली, आदमजी पीरभॉय घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधलेली. चढावर ती इतकी हळू जाते की शटरच्या १/१२५ ला जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर सरकते. चुकलात तर पुढच्या वळणावर चालत जाऊन परत गाठाल. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते, तेवढं बघून जा.

३. गाडी येते तेव्हा कॅमेरा आंधळा असतो

हा धडा मला सगळ्यांत महाग पडला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या कॅमेऱ्यात डोळा लावायला भोक नाही. डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि मागच्या धुरकट काचेवर चित्र बघायचं. ते उलटं दिसतं : आकाश खाली, रूळ वर, डावं उजवीकडे. आठवड्याभरात सवय होते. अडचण पुढेच आहे. फिल्मचा होल्डर त्या काचेच्या पुढ्यात सरकवावा लागतो. तो सरकला की काच झाकली जाते आणि चित्र गेलं. म्हणजे फोटो काढण्याच्या क्षणी तुम्ही कॅमेऱ्यातून काहीच बघत नसता. बघायचं ते सगळं आधी.

क्रम असा : शटर उघडा, काचेवर फोकस करा, शटर बंद करा, भिंगाच्या झडपेचा (अॅपर्चरचा) आकडा लावा, शटरला चावी द्या, होल्डर घाला, त्याचं झाकण म्हणजे डार्क स्लाईड ओढा, थांबा, दाबा, स्लाईड परत घाला. यातली एक पायरी इकडेतिकडे झाली तर फोटो नाही. शटर उघडं ठेवून स्लाईड ओढली, तर फिल्म कोळशासारखी काळी. स्लाईड ओढायलाच विसरलात तर कोरी. स्लाईडची पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म ताजी, काळी बाजू बाहेर म्हणजे काढून झालेली. हे उलटं झालं की एका फिल्मवर दोन गाड्या. माझ्याकडे रोह्याची मेमू आणि कंटेनरची मालगाडी एकमेकींच्या पोटातून जाताना आहेत. पाहुण्यांना आवडतो तो फोटो.

फोकस गाडीवर करता येत नाही, कारण गाडी अजून आलेलीच नसते. तो जागेवर करायचा. मी विजेचा एक खांब ठरवतो. प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक लिहिलेली पाटी असते. भिंग लावून काचेवर ती पाटी वाचता आली की फोकस बरोबर. मग कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहायचं, हातात शटरची केबल, आणि नुसत्या डोळ्यांनी बघायचं. इंजिनाचं नाक त्या खांबाला भिडण्याच्या किंचित आधी दाबायचं. किती आधी हे शब्दांत सांगता येत नाही. वडे तळणाऱ्याला विचारा, घाणा कधी काढायचा ते.

एक फायदाही आहे. सगळी तयारी होऊन स्लाईड ओढली, की गाडी येईपर्यंत हाताला काही काम उरत नाही. कापडाबाहेर उभं राहून मी इतक्या गाड्या नुसत्या पाहिल्या, तेवढ्या मोबाईल हातात असताना कधी पाहिल्या नव्हत्या.

४. पनवेल परिसरात तीन पायांचा स्टँड म्हणजे मोजणी

सोमाटण्याच्या पुढे, रेल्वेच्या हद्दीबाहेर, एका बांधावर स्टँड लावला होता. दहा मिनिटांत चार माणसं जमली. सगळ्यांत पुढे एक आजी. "कंच्या खात्याचे तुमी?" मी म्हटलं, खात्याचा नाही, फोटो काढतो. कुणाचा विश्वास बसला नाही. माझं काळं कापड, लाकडी पेटी, पितळी स्क्रू, सगळं मोजणीदारासारखंच दिसत होतं.

त्यांचं काही चुकत नव्हतं. गेल्या पन्नास वर्षांत या भागात स्टँड घेऊन आलेल्या माणसापाठोपाठ काहीतरी आलेलंच आहे. नवी मुंबई आली, बंदर आलं, रस्ते आले, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आला, विमानतळ आला. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासई-दास्तान परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्यांची नावं इथल्या पोरांनाही पाठ असतात. अशा ठिकाणी मी स्टँड रोवतो आणि "छंद आहे" म्हणतो. छंद?

तेव्हापासून नियम केला. आधी घराशी जायचं, बांध कुणाचा ते विचारायचं, कॅमेरा दाखवायचा, आणि पहिली नजर मालकाची. त्या आजीला मी कापडाखाली घेतलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग आतूनच आवाज आला, "आरं, आमचं घर उलटं केलंस की! सरकारनं पन येवढं नाय केलं." सगळे हसले. चहा आला. पुढच्या खेपेला त्यांना घराचा सुलटा फोटो नेऊन दिला. गाडी त्यात नव्हती, त्यांनाही नको होती.

५. फलाट तिकीट म्हणजे परवानगी नव्हे

दहा रुपयांच्या फलाट तिकिटावर दोन तास फलाटावर थांबता येतं. स्टँड लावता येत नाही. एका स्थानकावर वर्दीतले एक साहेब येऊन म्हणाले, "हे काय आणलंय?" चूक माझीच होती. मी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांनी पेटी उघडून बघितली, आत काही नाही म्हणून त्यांना आणखी शंका आली, आणि अर्ध्या तासाने हसून सोडलं. आता मी स्थानकाबाहेरून, सार्वजनिक रस्त्यावरून किंवा खासगी शेतातून फोटो काढतो. स्थानकातच काढायचा असेल तर आधी लेखी अर्ज.

रुळांत उतरायचं नाही. रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहेच, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवा. काळ्या कापडाखाली शिरलेल्या माणसाला मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, दिसत तर नाहीच. आणि वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. पादचारी पुलावर अॅल्युमिनियमचा स्टँड उंच धरून फिरणाऱ्या माणसाला मी एकदा ओरडून थांबवलंय. या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

६. एक्स-रेच्या फिल्मवर लाल गाडी काळी होते

परदेशी कट फिल्मच्या एका शीटच्या किमतीत डझनभर वडापाव येतात. शिकताना एवढे वडापाव फुकट घालवणं परवडत नाही. म्हणून वैद्यकीय सामानाच्या दुकानातून आठ बाय दहाची एक्स-रे फिल्म आणतो आणि लाल दिव्यात तिचे चार तुकडे करतो. दुकानदाराला पहिल्यांदा वाटलं, मी जनावरांचा डॉक्टर आहे.

या फिल्मला निळा आणि हिरवा उजेड कळतो, लाल कळत नाही. म्हणून तर लाल दिव्यात ती कापता येते. त्याचा परिणाम गाडीवर गंमतशीर होतो. जुने निळे डबे पांढुरके येतात. लाल डबे काळे, जवळजवळ डांबरासारखे. त्रिवेंद्रम राजधानी पनवेलहून निघते तेव्हा दिसायला ऐटबाज असते. माझ्या फोटोत ती कोळशाची गाडी आहे. २७ जून २०२३ ला मडगावची वंदे भारत सुरू झाली, पांढरी आणि निळी. ती माझ्या फिल्मवर आली ती परटाने धुतलेल्या कपड्यांसारखी : नुसती पांढरी, खिडक्या सोडल्या तर काही नाही. लाल सिग्नल विझलेला दिसतो. भाताची खाचरं मात्र त्या फिल्मवर इतकी सुंदर येतात, की रंगीत फोटोला हेवा वाटावा.

या फिल्मच्या दोन्ही बाजूंना लेप असतो आणि तो ओला असताना नखानेही ओरखडतो. ट्रेमध्ये एका वेळी एकच शीट. घाई केली त्या दिवशी माझ्या आकाशात मांजरं भांडली.

७. वेळापत्रकावर विसंबू नका, पण पाठ करा

प्रवासी गाड्यांच्या वेळा पाठ असतातच. मजा मालगाड्यांची. बंदराकडून येणारे कंटेनरचे रेक, कळंबोलीकडे पोलादाच्या गुंडाळ्या. त्यांचं वेळापत्रक माझ्यासारख्याच्या हाती लागत नाही. कान लागतो. फाटकावरचे एक काका मला म्हणाले होते, "गाडी दिसायच्या आधी रूळ बोलतात." कवितेसारखं वाटलं, पण ते अगदी साधं सांगत होते : शांत सकाळी रुळातून बारीक किणकिण येते.

पनवेल-कर्जत एकेरी मार्ग माझा लाडका आहे. चिखले, मोहोपे, चौक अशा लहान स्थानकांवर एखादी मालगाडी क्रॉसिंगला थांबते आणि पाच-दहा मिनिटं हलत नाही. उभी गाडी म्हणजे या कॅमेऱ्याची मेजवानी. झडप ३२ पर्यंत बारीक करा, एक सेकंद द्या, आणि इंजिनाच्या नटबोल्टपासून मागच्या डोंगराच्या झाडापर्यंत सगळं धारदार. इथे भिंगाची चौकट पुढे झुकवण्याची सोयही कामी येते. ऑस्ट्रियाचा कॅप्टन शाइमफ्लुग याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाई नकाशांसाठी तिचं गणित मांडलं होतं. मला ती रुळालगतचं गवत आणि दूरचा डबा एकाच वेळी स्पष्ट आणायला लागते.

आता या मार्गाशेजारी उपनगरी गाड्यांचा नवा मार्ग आहे, त्यात वावर्ल्याचा २,६२५ मीटरचा बोगदा. दुहेरी मार्ग झाला की क्रॉसिंगची वाट बघणं संपतं. प्रवाशांच्या सोयीचंच आहे. मी आपला स्वार्थ सांगितला.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं आणि रोह्याच्या पुढे गाड्या हळू चालतात. धो-धो पाऊस असून पुढचं दिसत नसेल तर ताशी ४० पर्यंत. धावत्या गाडीचे माझे सगळ्यांत धारदार फोटो जुलैतले आहेत. छत्री कॅमेऱ्यावर, आपण ओले.

८. ओझ्याची तक्रार करायची नाही

पेटी, स्टँड, सहा होल्डर, कापड, पाणी. साधारण अकरा किलो. पाठ दुखायला लागली की मी अॅलिस ट्रेडवेलचं नाव घेतो. बोरघाटाचा रेल्वेमार्ग बांधायचं कंत्राट तिच्या नवऱ्याकडे, सॉलोमन ट्रेडवेलकडे आलं. तो १८५९ साली हिंदुस्थानात आला आणि थोड्याच काळात वारला. तिने कंत्राट सोडलं नाही. दोन अभियंत्यांच्या मदतीने काम पुरं केलं. पंचवीस बोगदे; कामाच्या भरात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर. १८६३ मध्ये घाट सुरू झाला. आणि या सगळ्यात तिने घाटाच्या कामाचे फोटो काढले, तेही ओल्या काचेच्या प्लेटवर. काचेवर लेप ओतायचा, ओला असतानाच फोटो काढायचा, वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायचा. सगळं डोंगरउतारावर. कर्जतच्या फलाटावर उभं राहिलं की तो घाट समोर असतो. अकरा किलोंचं काय घेऊन बसलात!

दुसरं नाव अमेरिकेतल्या ओ. विन्स्टन लिंकचं. १९५५ पासून पाच वर्षं त्याने नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं रात्री टिपली. कॅमेरा चार बाय पाचचाच. अंधारात तारा ओढून डझनावारी फ्लॅशबल्ब एकाच क्षणी पेटवायचे. गाडी, गाव, मोटारीत बसलेली माणसं, सगळं त्याच्या हुकमी उजेडात. मी त्याचा भक्त आहे. पण त्याची नक्कल इथे करू नका. त्याला रेल्वे कंपनीची साथ होती. आपण झुडपामागून फ्लॅश मारला तर लोको पायलटच्या डोळ्यांसमोर अंधारी येईल, आणि त्याच्या मागे हजार-दीड हजार माणसं झोपलेली असतात. रात्री मी स्थानकाच्या उजेडावर भागवतो. आठ सेकंदांत लोकल नाहीशी होते, वाट बघणारी माणसं अर्धवट राहतात, बाकावर झोपलेला माणूस तेवढा पुरा येतो.

९. बर्फाचा डबा फिल्मपेक्षा महत्त्वाचा

पुस्तकं सांगतात, डेव्हलपर २० अंशांवर ठेवा. मे महिन्यात पनवेलच्या नळाचं पाणी तिशीच्या पुढे असतं. सुरुवातीला बर्फ टाकून डेव्हलपर २० वर आणला आणि शेवटचं धुणं नळाखाली केलं. थंडातून एकदम गरम पाण्यात गेलेल्या फिल्मचा लेप सुकलेल्या तळ्यासारखा तडकला. पनवेलच्या वडाळे तळ्याचा फोटो नव्हता, गाडीचाच होता. आता सगळी रसायनं आणि धुण्याचं पाणी २४ वर ठेवतो आणि वेळ कमी करतो : २० ला तेरा मिनिटं लागतात तिथे नऊच्या आसपास. रात्री दहानंतर न्हाणीघर माझं. घरच्यांनी हे मान्य केलंय, मनापासून नाही.

पावसाळ्यात भिंगावर आणि भात्याच्या घड्यांत बुरशी धरते. लाकडी कपाटात शून्याचा जुना पिवळा बल्ब जळत ठेवावा, ही कोकणातली रीत. नवे एलईडी गरम होत नाहीत, म्हणून मी जुन्या बल्बांचा साठा करून ठेवलाय. खडीच्या खाणींची धूळ होल्डरमध्ये जाते ती वेगळीच. पांढऱ्या आकाशात काळे ठिपके दिसले, तर ते पक्षी नसतात.

१०. पनवेल आणि पानवल

कोकण रेल्वेवरचा पानवलचा उंच पूल बघायला दोन पाहुणे एकदा माझ्या घरी उतरले. तो पूल रत्नागिरीजवळ आहे. साठ मीटरपेक्षा उंच, आणि पनवेलपासून काही तासांवर. पत्ता नीट वाचावा.

११. गाडी चुकली तरी फोटो ठेवा

बरीच वर्षं मी पुसट गाड्यांची निगेटिव्हं टाकून देत होतो. एकदा चौकजवळून काढलेलं एक हाताला लागलं. गाडी वाया गेलेली, डबे धुरकट. मागे इर्शाळगड मात्र नेढ्यासकट स्वच्छ. ते २०१९ चं होतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री गडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह मिळाले, पन्नासपेक्षा जास्त माणसं बेपत्ताच राहिली. मी भिंग लावून निगेटिव्हवर वाडी शोधत बसलो. डोंगराच्या पोटाशी झाडीत काही फिकट ठिपके आहेत. छपरं असतील, खडक असतील. सांगता येत नाही.

तेव्हापासून टाकत नाही. जुनी चळत काढून बघितली तर गाड्यांमागे काय काय होतं! उलव्याची टेकडी, जी विमानतळासाठी कापून सपाट केली. खाडीकडची पाणथळ. आपट्याचं स्थानक, जिथे १९९५ च्या एका प्रसिद्ध हिंदी सिनेमाचा शेवट चित्रित झाला. माझ्या फोटोत तिथे एक कुत्रं आणि दुधाचे दोन कॅन आहेत. मी गाडीसाठी उभा होतो. चार बाय पाचच्या फिल्मवर गाडी जेमतेम करंगळीएवढी येते, उरलेली जागा सगळी गावाची. हे मला दहा वर्षं दिसलंच नाही.

१२. आणि एक विनंती

ज्या माळ्यावर माझा कॅमेरा सापडला, तिथे लाकडी खोक्यांत काचेच्या प्लेटा असायच्या. मी पोचलो तेव्हा खोकी रिकामी होती. मालकांनी काहीही न लपवता सांगितलं : गरम पाण्यात लेप खरवडून काचा फ्रेमवाल्याला विकल्या, त्या काळी सगळेच करायचे. दिवा-पनवेल मार्ग साठच्या दशकात आला, तो पुढे १९८६ मध्ये रोह्याला पोचला. पहिल्या गाडीला हार घालणारी माणसं कुणीतरी टिपली असतील. असाच कॅमेरा असेल, असंच काळं कापड.

पनवेल, पेण, उरण, रोहे इथल्या कुणाच्या घरी जुन्या स्टुडिओचं खोकं असेल तर काचा पाण्यात घालू नका, उन्हात ठेवू नका, एकावर एक रचू नका. कडेवर उभ्या करा, मध्ये साधा पांढरा कागद घाला, लेपाला बोट लावू नका. खिडकीपाशी धरून एकदा बघा. काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं समजायचं. भंगारवाल्याला सगळ्यांत शेवटी बोलवा.